घरी जोडलेल्या पहिल्या संगणकासाठी जीफोर्स आरटीएक्स ४०६०

एन्व्हिडियाने जून २०२३ मध्ये २९९ डॉलरला बाजारात आणलेले जीफोर्स आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड वेगासाठी कधीच नावाजले गेले नाही आणि आता तर त्याच्या पुढच्या पिढीतले ५०६० देखील दुकानांत आले आहे. तरीही स्वतःच्या हाताने पहिल्यांदाच संगणक जोडणाऱ्याने ते यादीतून लगेच खोडू नये, असे ते घरच्या संगणकात वापरल्यानंतर माझे मत झाले आहे. त्याचे मुख्य कारण म्हणजे त्याला लागणारी वीज. पूर्ण भार असतानाही हे कार्ड सुमारे ११५ वॅट घेते, तर आधीच्या आरटीएक्स ३०६० ला १७० आणि एएमडीच्या आरएक्स ७६०० ला १६५ वॅट लागतात. वीजबिलात यामुळे फार मोठी बचत होईल असे नाही, पण पॉवर सप्लाय, कॅबिनेट आणि पंखे या तिन्हींवरचा खर्च मात्र आटोक्यात राहतो. ५५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरतो, त्यामुळे वाचलेले पैसे अधिक वॅटऐवजी अधिक चांगल्या प्रतीवर खर्च करता येतात, आणि कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा बिननावाचा पॉवर सप्लाय टाळता येतो.

माझे कार्ड दोन पंख्यांचे आणि आखूड असल्याने लहान कॅबिनेटमध्येही अडचण झाली नाही. एप्रिलच्या दुपारी, पंख्याखाली बसूनही घाम येत असताना, खेळ चालू ठेवूनही त्याचा आवाज कधी त्रासदायक झाला नाही, आणि साधे लेखन किंवा ब्राउझिंग चालू असताना तर त्याचे पंखे पूर्ण थांबतात. जोडणीत नवख्याने जपावे असे ठिकाण एकच, ते म्हणजे विजेची केबल. पॉवर सप्लायमधून आठ पिनांची दोन प्रकारची टोके निघतात; प्रोसेसरसाठीचे टोक बहुधा चार अधिक चार असे दुभंगते आणि कार्डासाठीचे सहा अधिक दोन असे. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखी असली तरी पिनांची घडण वेगळी असते, त्यामुळे टोक सहज बसत नसेल तर जोर न लावता केबलवरची अक्षरे वाचावीत. मॉनिटरची केबलही मदरबोर्डला न लावता कार्डालाच लावायची असते. कोअर आय५ १२४००एफ किंवा रायझेन ५ ५५०० यांसारख्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसल्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टवर चित्रच उमटत नाही, आणि संगणक बिघडला असे वाटून नवखा माणूस उगाच सगळे सोडवायला घेतो.

या कार्डाचे खरे उणेपण म्हणजे त्याची ८ जीबी मेमरी. ३०६० च्या मूळ आवृत्तीत १२ जीबी मेमरी आणि तिच्यापर्यंत डेटा नेणारा १९२ बिटचा मार्ग होता; येथे तो १२८ बिटांवर आणला आहे, आणि ही काटकसर मला पटलेली नाही. १९२० गुणिले १०८० च्या मॉनिटरवर व्हॅलोरंटसारख्या हलक्या खेळात ती जाणवत नाही. सायबरपंक २०७७ मध्ये मात्र रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र रंगवणे) आणि उच्च प्रतीचे टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) एकदम चालू केले, की मेमरी भरू लागते. मग सरासरी फ्रेम ठीक दिसत असल्या तरी मधूनच चित्र अडखळते. मेमरी भरल्यावर कार्ड संगणकाच्या रॅमकडे धावते आणि ती वाट पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, फक्त आठ लेनची आहे. मदरबोर्ड किंवा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा पीसीआय एक्सप्रेस देणारा असेल, तर हीच वाट निम्म्या वेगाची होते. रायझेन ५ ५५०० हा प्रोसेसर बी५५० बोर्डावर बसवला तरी तिसरीच पिढी देतो, हे कोटेशन कमी दिसावे म्हणून तोच सुचवणारे दुकानदार बहुधा सांगत नाहीत. या कार्डासोबत थोडे अधिक मोजून रायझेन ५ ५६०० घ्यावा.

फ्रेम जनरेशनचा, म्हणजे कार्डाने मधल्या जास्तीच्या फ्रेम स्वतः तयार करण्याच्या सुविधेचा, गाजावाजा मी निम्म्याने कमी करून वाचतो. मूळ वेग सेकंदाला ६० फ्रेमच्या जवळपास असेल तरच ती सुविधा सुखावते. मूळचीच गती रडतखडत असेल तर आकडा वाढतो, पण माऊसचा प्रतिसाद मंदच राहतो. शिवाय ती स्वतःही थोडी मेमरी खाते. याउलट एव्ही१ या स्वरूपात व्हिडिओ साठवणारा एन्कोडर आणि ब्लेंडर या त्रिमितीच्या सॉफ्टवेअरमधला ऑप्टिक्सचा (एन्व्हिडियाच्या रेंडरिंग जलद करणाऱ्या सुविधेचा) आधार या दोन गोष्टींची जाहिरात कमी होत असली तरी व्हिडिओ किंवा त्रिमितीचे काम करणाऱ्याला त्यांचा रोज उपयोग होतो.

ब्लेंडरमध्ये मोठे देखावे उभे करायचे असतील, तर वेग थोडा कमी असूनही ३०६० ची १२ जीबी आवृत्ती सोयीची पडेल. डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आलेले इंटेलचे आर्क बी५८० देखील १२ जीबीचे आहे, पण त्याला बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असणे गरजेचे असते आणि जुन्या किंवा मंद प्रोसेसरसोबत त्याची कामगिरी बरीच घसरते. म्हणून जुन्या संगणकात नुसते कार्ड बदलणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. खिसा परवानगी देत असेल, तर खेळांसाठी एएमडीचे १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी या सर्वांहून सरस आहे.

४०६० आणि ५०६० यांच्या किमतीत थोडकाच फरक असेल, तर ५०६० घ्यावे. ते १४५ वॅट घेते आणि त्याची जीडीडीआर७ मेमरी बरीच वेगवान आहे, मात्र तीही ८ जीबीच. जुन्या कार्डांच्या बाजारात सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरचे मायनिंग थांबल्यापासून माल भरपूर असला, तरी पहिल्या संगणकासाठी तो मार्ग मला नको वाटतो. तिथे ‘आरएक्स ५८०’ म्हणून दाखवले जाणारे कार्ड पुष्कळदा २०४८एसपी आवृत्तीचे, म्हणजे खालच्या दर्जाच्या आरएक्स ५७० इतक्याच कोअरचे निघते. नवे कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, १८ टक्के जीएसटीसह पक्के बिल घ्यावे, त्यावर कार्डाचा सीरियल क्रमांक लिहून घ्यावा आणि तो खोक्यावरच्या व कार्डाच्या मागच्या पट्टीवरच्या क्रमांकाशी काउंटरवरच ताडून पाहावा. वॉरंटीचा दावा करताना कंपनीचे सेवा केंद्र सर्वांत आधी तोच मागते.