बिघडलेल्या एमसीबीच्या जागी काय बसवावे: पुन्हा एमसीबी की आरसीबीओ?

गीझरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, बिघडला तेव्हा मी आधी सोपा मार्ग धरला आणि तसाच नवा आणला. जुन्याचा खटका वर टिकत नव्हता, स्क्रूजवळचे प्लास्टिक तपकिरी पडले होते आणि वायरचे टोक करपले होते. म्हणजे मूळ दुखणे सैल स्क्रूचे होते, एमसीबी नंतर बिघडला. परवानाधारक वायरमनने करपलेला तुकडा कापून वायर नव्याने सोलली आणि 16 अँपिअरच्या जागी 16 अँपिअरचाच एमसीबी बसवला. शेजाऱ्यांनी मोठा टाकण्याचा सल्ला दिला होता, पण भिंतीतली वायर 2.5 चौरस मिलिमीटरची आहे आणि एमसीबी त्या वायरला जपण्यासाठी असतो. काम सुरू करण्याआधी त्याने मीटरजवळचा स्विच बंद केला, कारण डीबीतला, म्हणजे एमसीबींच्या पेटीतला, मेन स्विच खाली केला तरी त्याच्या वरच्या टोकांना वीज असतेच. टेस्टरवर विसंबून न राहता मल्टीमीटर आधी चालू सॉकेटवर तपासला आणि मगच डीबीत लावला. मी फक्त टॉर्च धरला होता आणि इतरांनीही तेवढेच करावे असे मला वाटते.

एवढ्याने एमसीबीचा प्रश्न सुटला, पण गळतीचा, म्हणजे ओलीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीकडे निसटणाऱ्या प्रवाहाचा, तसाच राहिला. माणसाला धोकादायक ठरणारा 30 मिलिअँपिअरचा प्रवाह 16 अँपिअरच्या एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. त्यामुळे बदलायला डीबी उघडलाच आहे तर सगळ्या घरासाठी एक आरसीसीबी (फक्त गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवावा, की ओल्या जागांच्या सर्किटांना एमसीबी आणि गळतीसंरक्षण एकत्र असलेला आरसीबीओ द्यावा, हा खरा निर्णय आहे.

आरसीसीबीच्या बाजूने बरेच काही बोलता येईल. खर्च एकदाच होतो, सारे घर सुरक्षित होते आणि वायरमनलाही काम सोपे जाते. मी तोच बसवला आणि कोकणातले दोन पावसाळे त्याच्यासोबत काढले. पहिल्या जुलैत मध्यरात्री तो पडला आणि दिव्यांपासून फ्रीजपर्यंत सगळे बंद झाले. सगळे एमसीबी खाली करून एकेक वर करत गेलो, तर कधी हॉलच्या एमसीबीवर आरसीसीबी पडे, कधी स्वयंपाकघराच्या; दोन्ही सर्किटे मात्र निर्दोष निघाली. दोष अंगणातल्या दिव्यात होता. त्याच्या जोडणीत पाणी शिरून न्यूट्रल अर्थला लागला होता, आणि एकपोली एमसीबी फक्त फेज तोडत असल्याने तो खाली असतानाही न्यूट्रलची वाट उघडीच राहत होती. घरात कुठेही लोड आला की प्रवाहाचा काही भाग त्या वाटेने निसटे आणि आरसीसीबी पडे. टॉर्च तोंडात धरून दीड तास निरपराध सर्किटांवर संशय घेतल्यावर माझे मत बदलले.

दुसऱ्या पावसाळ्यातही तेच घडल्यावर गीझर आणि अंगण यांना स्वतंत्र दोनपोली, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे, आरसीबीओ दिले. दोन्हींचे फेज आणि न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच, थेट मेनवरून घेतले. तसे केले नसते तर त्या सर्किटांतल्या गळतीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही सोबत पडू शकला असता. उरलेले घर आरसीसीबीखालीच ठेवले आहे.

आरसीबीओच्या अडचणी कमी नाहीत. तो साध्या एमसीबीच्या कित्येक पट महाग पडतो आणि आमच्या डीबीत एकेकाने दोन खाचा खाल्ल्या. शिवाय प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा काढावा लागतो. जुन्या घरांत दोन सर्किटांचा न्यूट्रल भिंतीतच एकत्र केलेला असतो, आणि तसे असेल तर आरसीबीओ विनाकारण पडत राहील. म्हणून खरेदीआधी वायरमनकडून एवढे तरी पाहून घ्यावे. भाड्याच्या घरात किंवा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी कदाचित आरसीसीबीवरच थांबलो असतो. पण पावसाला तोंड देणारा बाहेरचा दिवा किंवा पंप असेल, तर माझा कल आरसीबीओकडे आहे. टेस्टचे बटण दोन्हींना असते आणि ते महिन्यातून एकदा दाबावेच लागते.

यंदाच्या जुलैत अंगणाचा आरसीबीओ रात्री कधीतरी पडला. आम्हाला ते सकाळी फाटक उघडताना कळले. फ्रीज चालूच होता.