पहिला स्मार्टफोन आणि रिचार्ज : वापर थोडा असेल तर काय घ्यावं?

फोनवर बोलायचं, व्हॉट्सॲपवर नातवंडांचे फोटो बघायचे, गॅसचा नंबर लावायचा, अधूनमधून यूपीआयनं कुणाचे पैसे चुकते करायचे, आणि बाकी वेळ फोन टीपॉयवर पडून राहिला तरी काही बिघडत नाही. मी या गटातला. बरीच वर्षं बटणांचा फोन वापरून मग स्मार्टफोनकडे वळलो, तेव्हा जी घासाघीस केली ती इथे मांडतो. दुकानात गेलं की सगळी चर्चा हँडसेटची होते. कॅमेरा किती, रॅम किती, स्क्रीन किती मोठा. रिचार्ज आपला सिम घालताना शेवटी विचारला जातो. माझ्या मते इतक्या कमी वापरात उलटं करावं : डोकं रिचार्जला लावावं, हँडसेटला थोडं कमी.

बटणांचाच फोन ठेवून भागेल का, हा विचार मीही केला. पैसे पाठवणं त्यावरही होतं. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे सुरू केलं आहे. जिओभारतसारखा ९९९ रुपयांचा ४जी फोनही २०२३ मध्ये आला, फक्त त्यात जिओचंच सिम चालतं. पण घरची सगळी मंडळी व्हॉट्सॲपवर असतील तर तिथे गाडी अडते. जुन्या जिओफोनमध्ये व्हॉट्सॲप चालायचं, त्याचंही २०२४ च्या मध्यापासून नव्यानं डाउनलोड बंद झालं. म्हणून बटणांना नमस्कार केला.

मग ४जी की ५जी? दुकानदार म्हणणार, ‘काका, आता ५जीच घ्या, पुढची सोय होते.’ त्याचंही चूक नाही. रेडमीचा ए४ ५जी नोव्हेंबर २०२४ मध्ये ८,४९९ रुपयांना आला, म्हणजे ५जी काही फार महाग राहिलेलं नाही. पण दोन गोष्टी तो सहसा सांगत नाही. एक म्हणजे, जुलै २०२४ च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेलचं ‘अमर्यादित ५जी’ साधारणपणे रोज २ जीबीवाल्या आणि त्यावरच्या पॅकवरच मिळतं. आपण घेणार सगळ्यात लहान पॅक, त्यात ते नाहीच. दुसरी, वर सांगितलेला फोन बाजारात आला तेव्हा त्यात एसए (स्टँडअलोन, म्हणजे ४जीचा आधार न घेता चालणारं) प्रकारचंच ५जी होतं. जिओचं ५जी तसंच असल्यामुळे तिथे चालायचं, एअरटेलचं मात्र वेगळ्या प्रकारचं, म्हणून तिथे तो ४जीवरच राहायचा. ज्या सोयीसाठी जादा पैसे मोजायचे ती आपल्या पॅकवर आणि कदाचित आपल्या सिमवर मिळणारच नसेल, तर आठ हजारांच्या आतला ४जी पुरे. बोलण्यात तसूभर फरक पडत नाही.

आठ हजारांच्या आत मी शेवटी दोघांपर्यंत आलो. सॅमसंगचा गॅलेक्सी एम०५ (सप्टेंबर २०२४, ७,९९९ रुपये) आणि मोटोरोलाचा जी०५ (जानेवारी २०२५, ६,९९९ रुपये). हे आले तेव्हाचे भाव, आज पुढेमागे असतील. दोन्हीत ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, दिवसभर पुरून उरणारी बॅटरी. कॅमेऱ्याबद्दल मी बोलत नाही, नातवाचा हलता फोटो दोन्हींत हललेलाच येतो.

सॅमसंगची जमेची बाजू मोठी आहे : चार वर्षं सुरक्षा अपडेट देण्याचा शब्द. ज्याच्या फोनमध्ये बँकेचं ॲप असणार आणि जो फोन मोडेपर्यंत वापरणार, त्यानं हे हलक्यात घेऊ नये. उणी बाजू म्हणजे बोटाचा ठसा घेण्याची सोय त्यात नाही आणि डब्यात चार्जर मिळत नाही. मोटोत बाजूच्या बटणावर ठसा आहे, चार्जर डब्यातच आहे, आणि उन्हात स्क्रीन मला तरी जास्त स्पष्ट दिसला. पासवर्ड, पॅटर्न, पिन यांची नवख्या माणसाला धास्ती असते. बोट टेकवलं की फोन उघडतो हे एवढंसं वाटतं, पण पहिल्या महिन्यात त्यानंच धीर येतो. मी मोटो घेतला. ज्यांचे ठसे शेतीकामानं किंवा धुण्याभांड्यानं झिजलेत त्यांना याचा उपयोग कमी, त्यांनी सॅमसंगच बघावा. कुठलाही घ्या, पहिल्या दिवशी घरातल्या तरुण माणसाला बसवून नको ती ॲपं काढून टाका आणि लॉक स्क्रीनवरच्या जाहिराती बंद करून घ्या.

आता रिचार्ज. इथे मी जरा लांबण लावणार आहे.

माझ्या जुन्या सिमवर, कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, अठ्ठावीस दिवसांचा पॅक असायचा. पेन्शन पहिल्या तारखेला येते, दूधवाला पहिल्या तारखेला येतो, विजेचं बिल ठरल्या सुमारास येतं. हा एकटा दर महिन्याला दोन-तीन दिवस मागे सरकत राहायचा. कधी पंचवीस तारखेला, मग तेवीस, मग एकदम महिन्याच्या मध्यात. वर्षाचे बारा महिने, रिचार्ज तेरा. आणि संपायच्या आधीपासून आठवणींचा भडिमार. आधी मेसेज, मग कुणाला फोन लावला की पलीकडे घंटी वाजायच्या आधी एक गोड आवाज आपली मुदत संपत आल्याचं सांगणार. जणू दारात वसुलीवाला उभा. बरं, आठवणी इतक्या येऊनही मी विसरायचोच, कारण रोज ओरडणाऱ्याकडे माणूस लक्ष देईनासा होतो. मग एखाद्या सकाळी नेमकं डॉक्टरकडे नंबर लावायचा असताना फोन लागायचा नाही. मुलाला सांगावं तर आपलाच फोन बंद, सांगणार कसं? शेजाऱ्याच्या फोनवरून. पुन्हा आणखी काही दिवस दुर्लक्ष झालं की येणारे फोनही बंद. पैशापेक्षा या गोष्टीचा मला मनस्वी कंटाळा आला होता.

यावर ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, उपाय केलेत, पण ते दुकानात आपणहून कुणी पुढे करत नाही. २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीनं किमान एक तरी तीस दिवसांचा आणि एक तरी दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा पॅक ठेवावा, असा नियम झाला. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी मोठी गोष्ट झाली : ज्यांना डेटा नकोच त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि मेसेज यांचे पॅक ठेवणं बंधनकारक झालं, आणि अशा खास रिचार्जची कमाल मुदत नव्वद दिवसांवरून ३६५ दिवस झाली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलनं १,८४९ रुपयांत ३६५ दिवसांचा आणि जिओनं १,७४८ रुपयांत ३३६ दिवसांचा पॅक आणला. नुसत्या आकड्यांत जिओ शंभर रुपयांनी स्वस्त दिसतं. पण ३३६ म्हणजे बारा गुणिले अठ्ठावीस, पुन्हा तेच सरकणारं गणित. रोजचा हिशेब केला तर जिओ सुमारे ५ रुपये २० पैसे आणि एअरटेल ५ रुपये ७ पैसे पडतं. फरक चिल्लर आहे, माझा ओढा मात्र पुऱ्या वर्षाकडे.

घरी केबलवाल्याचं वायफाय असेल आणि बाहेर इंटरनेट लागतच नसेल तर हा बोलण्या-मेसेजचा पॅक उत्तम. अडचण एकच. भाजी मंडईत यूपीआयचं ॲप वापरायचं तर डेटा हवा. यूपीआय पहिल्यांदा चालू करताना फोनमधून एक मेसेज जातो, तो या पॅकमध्ये जाईल, पण ॲपमधून पैसे देताना इंटरनेट लागणारच. रोख बाळगणाऱ्याला हरकत नाही. मी रोखीचाच माणूस, तरी सुट्ट्यांसाठी भाजीवालीशी वाद घालण्याचं वय राहिलं नाही.

म्हणून मी मधला मार्ग धरला. त्याच सुमारास एअरटेलचा २,२४९ रुपयांचा, ३६५ दिवसांचा पॅक आला, त्यात वर्षभरासाठी एकूण ३० जीबी. बोलण्याच्या पॅकपेक्षा ४०० रुपये जास्त. आणि एअरटेलचाच अठ्ठावीस दिवसांचा, एकूण २ जीबीवाला १९९ चा पॅक तेरा वेळा घातला तर २,५८७ रुपये होतात आणि हाती येतो २६ जीबी. म्हणजे वर्षाचा एकदम भरला तर पैसेही कमी, डेटाही थोडा जास्त, आणि तो गोड आवाज वर्षातून एकदाच. एकरकमी दोन-सव्वादोन हजार काढणं सगळ्यांना जमेलच असं नाही, हे मान्य. हप्त्याहप्त्यानं देणाऱ्याला १९९ सोयीचा वाटू शकतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. दरही बदलत राहतात, भरण्याआधी कंपनीच्या ॲपमध्ये आकडा आणि विशेषतः दिवस तपासा. दुकानदार ‘वर्षाचा’ म्हणाला तरी दिवस विचारा.

बीएसएनएलचं काय, असं बरेचजण विचारतात. २०२४ च्या दरवाढीत ते नव्हते, सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचं देशी बनावटीचं ४जी देशभर सुरू झालं, आणि दर बहुतेकदा कमीच असतात. तुमच्या घरात, आतल्या खोलीत, रेंज येत असेल तर बिनधास्त जा. आमच्या गल्लीत उंबऱ्याबाहेर येते.

आणि हे रेंजचं सगळ्यात आधी बघा, कंपनी कुठलीही असो. शेजाऱ्याचा त्या कंपनीचा फोन घेऊन आपल्या स्वयंपाकघरातून एक फोन लावून बघावा, नकाशे बघत बसू नये. जमलं तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर, आणि १९०० वर मेसेज. जो कोड येतो तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. आधीच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले हवेत. बदल होत असताना काही तास सिम गप्प राहतं, त्या काळात ओटीपी येत नाहीत. तेव्हा बँकेचं काम असेल तो दिवस टाळा, आणि जुना पॅक संपत आला की मगच हात घाला, नाहीतर उरलेले दिवस बुडतात.

वायफाय नाही आणि रात्री तासभर यूट्यूबवर कीर्तन ऐकल्याशिवाय झोप येत नाही, अशांना मात्र माझा ३० जीबी महिना-दोन महिनेच पुरेल. त्यांनी रोजच्या डेटाचाच पॅक घ्यावा, फक्त अठ्ठावीसऐवजी चौऱ्याऐंशी दिवसांचा बघावा.