आधी दिसते ते लिहा: प्रतिमा वाचायला शिकवणाऱ्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

व्यंगचित्र, छायाचित्र आणि जाहिरात या तीन प्रकारच्या प्रतिमा कशा वाचाव्यात हे शिकवणारा सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. नाव नोंदवताना मनात शंका होती, कारण चित्र वाचायला शिकवतो असे सांगून पुष्कळदा प्रतीकांची यादीच पाठ करून घेतली जाते: कबुतर म्हणजे शांतता, तराजू म्हणजे न्याय, तुटलेली साखळी म्हणजे स्वातंत्र्य. या अभ्यासक्रमातही अशी एक यादी आहे आणि तिच्याबद्दल पुढे तक्रार करणारच आहे; पण त्याचे पहिले चार आठवडे इतके विचारपूर्वक आखलेले आहेत की, त्यांच्यासाठी उरलेले दोन सहन करावेत असे मी म्हणेन.

पहिल्याच दिवशी डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या तळावर घेतलेले स्थलांतरित आईचे सुप्रसिद्ध छायाचित्र समोर ठेवतात आणि फक्त जे दिसते तेवढेच लिहायला सांगतात. ‘दुःखी आई’ असे लिहिले की उत्तर परत येते. कपाळावरच्या आठ्या, मिटलेले ओठ, गालापाशी टेकलेली बोटे, आईच्या खांद्यांआड तोंड फिरवून उभी असलेली दोन मुले, मांडीवरचे तान्हे मूल, अशी नोंद करावी लागते. हे सोपे वाटते, पण माझी पहिली दोन उत्तरे परत आली, कारण ‘हताश’ आणि ‘काळजीत’ हे शब्द मी निरीक्षण समजून लिहिले होते. ते निष्कर्ष होते. तिसऱ्या वेळी मुलांची तोंडे दिसतच नाहीत ही गोष्ट मी प्रथम कागदावर लिहिली, आणि मुलांनी तोंडे फिरवल्यामुळेच पाहणाऱ्याची नजर दुसरीकडे कुठेही न जाता आईच्या चेहऱ्यावर खिळते, हे कोणी न सांगता माझ्या लक्षात आले. निरीक्षण आणि अर्थ यांच्यात मुद्दाम अंतर ठेवायला लावणे हीच या अभ्यासक्रमाची खरी देणगी आहे, आणि जिथे जिथे तो हे अंतर विसरतो तिथे तिथे तो घसरतो.

व्यंगचित्रांच्या आठवड्यात अर्कचित्र आणि व्यंगचित्र यांतला फरक प्रथम स्पष्ट केला जातो: अर्कचित्र चेहऱ्यातले वैशिष्ट्य ताणून दाखवते, तर व्यंगचित्र एखाद्या परिस्थितीवर भाष्य करते, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच चौकटीत नांदतात. उदाहरण म्हणून जेम्स गिलरेचे १८०५ चे चित्र घेतले आहे, ज्यात ब्रिटिश पंतप्रधान पिट आणि नेपोलियन जेवणाच्या टेबलावर पृथ्वीच्या आकाराचे पुडिंग कापत आहेत. पिटच्या हातातला काटा त्रिशूळासारखा आहे आणि तो समुद्राचा वाटा उचलतो आहे. नेपोलियन युरोपचा तुकडा ओढतो आहे. आरमारी सत्ता आणि भूसत्ता यांतली वाटणी एका काट्याच्या आकारात सांगितलेली आहे, हे पाहायला दोनदा बघावे लागते. शिवाय नेपोलियन इथे खुर्चीवरून अर्धवट उठलेला, बुटका आणि अधाशी दिसतो. प्रत्यक्षात त्याची उंची त्या काळच्या मानाने साधारणच होती, पण आजही लोक त्याला बुटका समजतात, आणि हा समज रुजवण्यात गिलरेच्या कुंचल्याचा मोठा वाटा आहे. अतिशयोक्ती विनोद म्हणून येते आणि माहिती म्हणून राहते, हा मुद्दा शिक्षकांनी फार वेळ न घालवता पण नेमका मांडला आहे.

त्यानंतरचे डेव्हिड लो यांचे २० सप्टेंबर १९३९ रोजी प्रसिद्ध झालेले चित्र मला अधिक शिकवून गेले. हिटलर आणि स्टालिन एकमेकांना टोपी काढून, कमरेत वाकून अभिवादन करत आहेत. दोघांच्या मध्ये एक प्रेत पडलेले आहे. शिक्षकांनी हे चित्र आधी तारीख आणि मजकूर झाकून दाखवले. वर्गातल्या बहुतेकांनी ‘ढोंगी शिष्टाचार’ इथपर्यंत मजल मारली, पण प्रेत कोणाचे हे कोणालाच खात्रीने सांगता येईना. मग तारीख उघड झाली: पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीचे आक्रमण १ सप्टेंबरला सुरू झाले होते आणि पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य १७ सप्टेंबरला आत शिरले होते. म्हणजे हे चित्र दुसऱ्या आक्रमणानंतर तिसऱ्याच दिवशी छापले गेले. शेवटी मजकूर उघडला, तेव्हा दोघेही अत्यंत सभ्य स्वरात एकमेकांना शिव्या देत असल्याचे कळले. व्यंगचित्राला संदर्भ लागतो हे आपण सगळेच म्हणतो, पण तो संदर्भ नसताना नेमके किती कळते आणि नेमके काय निसटते, हे असे टप्प्याटप्प्याने अनुभवायला मिळणे दुर्मिळ आहे.

छायाचित्रांचे दोन आठवडे हा अभ्यासक्रमाचा सर्वांत भक्कम भाग आहे. रॉजर फेंटन यांनी १८५५ मध्ये क्रिमियन युद्धात एकाच दरीतल्या रस्त्याची, एकाच जागेवरून घेतलेली दोन छायाचित्रे आहेत. एकात तोफगोळे रस्त्याच्या कडेला पडलेले आहेत आणि रस्ता मोकळा आहे. दुसऱ्यात गोळे रस्त्यावरही विखुरलेले आहेत. यांपैकी आधीचे कोणते, हा प्रश्न आम्हाला दिला गेला. जवळजवळ प्रत्येकाने छायाचित्रकाराच्या हेतूवरून उत्तर काढले: नाट्य वाढवण्यासाठी त्याने गोळे रस्त्यावर आणून ठेवले असणार, किंवा उलट, सैनिकांनी गोळे उचलून नेले असणार. दोन्ही तर्क सारखेच पटण्याजोगे होते आणि म्हणूनच निरुपयोगी होते. त्यानंतर उतारावरचे लहान दगड मोठे करून दाखवले गेले. तेच दगड गोळे विखुरलेल्या छायाचित्रात थोडे खाली सरकलेले दिसतात, आणि माणसांच्या वावरामुळे सुटलेले दगड चढावर जात नसल्यामुळे मोकळ्या रस्त्याचे छायाचित्र आधीचे ठरते. मात्र शिक्षकांनी तिथेच थांबवून विचारले की, यावरून फेंटन यांचा हेतू सिद्ध झाला का? तो झालेला नाही. क्रम चित्रातून कळतो, मनातले कळत नाही. संपूर्ण अभ्यासक्रमातला हा माझ्या मते सर्वोत्तम तास होता.

लँग यांच्या छायाचित्राकडेही या भागात पुन्हा वळतात. खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा होता आणि तो लँग यांना रचनेतला दोष वाटल्यामुळे निगेटिव्हवर रिटच करून पुसला गेला. नीट पाहिले तर त्याची फिकट खूण अजूनही दिसते. हा बदल खोटेपणा ठरतो का, आणि १९८२ च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिओग्राफिक’ने आडवे छायाचित्र उभ्या मुखपृष्ठात बसवण्यासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले, तो बदल त्याच मापाने मोजावा का, यावर चर्चागटात झालेला वाद वाचण्यासारखा होता. माझे मत असे की, अंगठा पुसल्याने पाहणाऱ्याची जगाविषयीची समजूत बदलत नाही, पिरॅमिड सरकवल्याने मात्र बदलते. अनेकांना ते पटले नाही, आणि शिक्षकांनी कोणाचीही बाजू न घेता दोन्हीकडची निरीक्षणे तपासून पाहिली, हे मला आवडले.

जाहिरातींकडे वळल्यावर मात्र हा संयम सुटतो. सुरुवात चांगली आहे: फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६४ मध्ये पास्त्याच्या एका जाहिरातीचे केलेले विश्लेषण घेऊन, जाळीच्या पिशवीतून बाहेर येणाऱ्या भाज्या, लाल-हिरवा-पिवळा रंगमेळ आणि इटालियन वाटणारे नाव मिळून फ्रेंच वाचकाच्या मनात ‘इटालियनपणा’ कसा उभा करतात, आणि चित्राचे अनेक संभाव्य अर्थ शब्द कसे एका अर्थाला बांधून ठेवतात, हे समजावले आहे. घड्याळांच्या जाहिरातीत काटे बहुधा दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास असतात, कारण त्यामुळे रचना समतोल दिसते आणि बाराच्या खालचे कंपनीचे नाव झाकले जात नाही, ही साधी गोष्टही पुन्हा पाहायला लावते. सुपाच्या जाहिरातीत भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या गेल्या आणि १९७० च्या सुमारास अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कारवाई केली, हे प्रकरण तर सांगण्याजोगेच आहे.

पण त्यानंतर येतो तो रंगांचा तक्ता. लाल म्हणजे भूक आणि घाई, निळा म्हणजे विश्वास, काळा म्हणजे ऐश्वर्य. ज्यांनी चार आठवडे ‘विशेषण लिहू नका’ म्हणून उत्तरे परत पाठवली, त्यांनीच संदर्भ न पाहता अर्थ वाटून टाकावेत याचे आश्चर्य वाटते. पांढरा रंग कुठे लग्नाचा असतो आणि कुठे शोकाचा. निळा विश्वास बँकेच्या पाटीवर शोभतो, पण जेवणाच्या ताटात दिसला तर माणूस ताट बाजूला सारतो. शिवाय या भागात प्रत्येक जाहिरात म्हणजे फसवणूक असे गृहीत धरलेले आहे, त्यामुळे विद्यार्थी चित्र पाहायच्या आधीच गुन्हेगार शोधू लागतो. एखादी जाहिरात चांगली का आहे, तिची रचना, तिची मोकळी जागा, तिचा विनोद कशामुळे जमला आहे, याची चर्चा जवळजवळ नाहीच.

दुसरी तक्रार चाचण्यांची. जाहिरातींच्या भागातल्या चाचण्या यंत्र तपासते आणि अर्थाच्या प्रश्नाला चारपैकी एकच पर्याय बरोबर मानते. एका प्रश्नात खालून वर घेतलेला कॅमेऱ्याचा कोन ‘सत्ता’ दाखवतो असे उत्तर अपेक्षित होते. त्या चित्रातला माणूस उंच शिडीवर चढून दिवा बदलत होता, म्हणून मी ‘छायाचित्रकार जमिनीवर उभा आहे’ असा पर्याय निवडला आणि गुण गमावले. मदतकक्षाकडे लिहिले, पण साच्यातले उत्तर आले.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या प्रतिमांवरचा धडा घाईत उरकला आहे. हाताची बोटे मोजा, हा त्यातला मुख्य सल्ला आहे, आणि नवी साधने बोटे बहुधा बरोबर काढतात. प्रतिमा प्रथम कुठे आणि केव्हा प्रसिद्ध झाली हे उलट शोधून पाहण्याची पद्धत शिकवली असती, तर ती फेंटन यांच्या दगडांच्या धड्याशीही जुळली असती.

नोंदणी करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, व्याख्याने मोबाइलवर ऐकता येतात, पण अभ्यासाच्या प्रतिमा तिथे इतक्या लहान दिसतात की उतारावरचे दगड सोडाच, तोफगोळेही ओळखू येत नाहीत. छायाचित्रांचा भाग मोठ्या पडद्यावरच करावा. वेळ कमी असेल, तर पाचवा आठवडा बार्थ यांच्यापाशी थांबवून पुन्हा तिसऱ्या आठवड्याकडे जावे. मी तसेच केले, आणि दुसऱ्या खेपेला त्या रस्त्याच्या कडेचे, पहिल्यांदा नजरेतून सुटलेले आणखी दोन दगड मला सापडले.