गटप्रकल्पासाठी आणि घरच्या यादीसाठी: गूगल डॉक्स, वेबवरचं वर्ड की व्हॉट्सॲपवर फाइल?

चौघांचा गटप्रकल्प. एक जण परळला, एक मुलुंडला, दोघं चेंबूरला. फाइल व्हॉट्सॲपवर फिरू लागली की रविवारी रात्री ग्रुपवर 'फायनल', 'फायनल २' आणि 'नवीन फायनल' अशा तीन फायली असतात आणि कुणाचा तरी उतारा हमखास गळलेला असतो. हा पर्याय आधीच बाजूला ठेवा. व्हॉट्सॲपवर वाचायची पीडीएफ पाठवावी, लिहायची फाइल नाही.

खरी निवड गूगल डॉक्स आणि मायक्रोसॉफ्टचं वेबवरचं वर्ड यांच्यात आहे. दोन्ही फुकट. गूगल १५ जीबी जागा देतं, पण त्यात जीमेल आणि फोटोही धरलेले असतात. आईच्या फोनवरचे फोटो बॅकअपला लागून जागा भरली, की त्या खात्यातून नवी फाइलच बनत नाही. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर, म्हणजे वर्डच्या फायली राहतात तिथे, ५ जीबी मिळते. नुसत्या मजकुराला तीही पुष्कळ.

गटप्रकल्प, सोसायटीच्या गणपतीची वर्गणी, गावी जातानाची सामानाची यादी, अशा कामांना आम्ही गूगलच सांगू. अँड्रॉइड फोनवर गूगलचं खातं बहुधा आधीच असतं, त्यामुळे आजोबांना वेगळं काही उघडून द्यावं लागत नाही.

वर्ड जिंकतं ते मांडणीत. शाळेच्या प्रकल्पाला मुखपृष्ठावर बॉर्डर हवीच असते आणि डॉक्समध्ये पानाला बॉर्डर देण्याची सोय नाही. लोक पानभर एका घराचा तक्ता काढून काम भागवतात. एक एन्टर जास्त पडला की तो दुसऱ्या पानावर सरकतो. मजकूर डॉक्समध्ये पुरा करा, मग एकदाच वर्ड फाइल म्हणून डाउनलोड करून कंप्युटरवर बसवलेल्या (वेबवरच्या नव्हे) वर्डमध्ये बॉर्डर, चित्रं आणि पानांचे आकडे लावा. डॉक्स-वर्ड-डॉक्स अशा फेऱ्या मारू नका, दर फेरीत चित्रं आणि मजकुराच्या चौकटी जागा बदलतात. झेरॉक्सवाल्याकडे नेताना पीडीएफच न्या, म्हणजे त्याच्याकडे तो फॉन्ट नसला तरी अक्षरं बिघडत नाहीत.

मराठीची एक वेगळी अडचण आहे. श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डॉक्समध्ये चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कारण तो युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत, नसतो. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या. नव्याने लिहिताना डॉक्समध्ये 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट निवडला तर ल आणि श मराठी वळणाचे येतात.

सगळ्यात जास्त घोळ शेअरिंगमध्ये होतो. 'लिंक असलेला कोणीही' याला एडिटरचा, म्हणजे मजकूर बदलण्याचा, हक्क देऊ नका. लिंक पुढे फॉरवर्ड होते, लॉगिन न केलेले लोक प्राण्यांच्या नावाने फाइलमध्ये दिसतात आणि कुणी काय पुसलं ते नावानिशी सापडत नाही. चौघांचे ईमेल घालून एडिटर करा, शिक्षकांना कमेंटर, म्हणजे फक्त शेरे देणारे. फाइल उघडताना 'रिक्वेस्ट ॲक्सेस' आलं तर आधी फोनवर दुसरं खातं चालू नाही ना ते बघा. वर उजवीकडच्या गोल चित्रावर टॅप करून खातं बदलता येतं. शाळेने दिलेलं खातं असेल तर बाहेरच्या जीमेलशी शेअरिंग शाळेनेच बंद ठेवलेलं असू शकतं. ते घरून सुटत नाही. म्हणून फाइल कुठल्या खात्यात काढायची ते पहिल्याच दिवशी ठरवा.

मजकूर पुसला गेलाच तर कंप्युटरवर 'फाइल' मेन्यूतली 'व्हर्जन हिस्टरी' उघडा, उजवीकडची वेळ निवडा आणि रीस्टोअर करा. 'अनडू'वर विसंबू नका, त्याने फक्त स्वतःचे बदल मागे जातात. वर्डमध्येही जुन्या आवृत्त्या मिळतात.

रेंज जाते तिथे वेबवरच्या वर्डचा उपयोग नाही. डॉक्सच्या ॲपमध्ये घरच्या वायफायवर असतानाच फाइलच्या तीन ठिपक्यांतून ती ऑफलाइन ठेवा, मग लोकलमध्येही लिहिता येतं आणि नेट आल्यावर बदल आपोआप चढतात. मात्र तोवर दुसऱ्याने तोच उतारा बदललेला असेल तर वाक्यं एकमेकांत मिसळतात. लिहायला बसण्याआधीच भाग वाटून प्रत्येक मथळ्यापुढे ज्याचं त्याचं नाव टाका.