जेलो: सईच्या बोलण्याला चित्रांची जोड

जेलो हे अ‍ॅप फुकट आहे, मराठीत आहे आणि आमच्या विक्रोळीपासून जवळच, पवईला आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालंय. ज्या मुलांना बोलता येत नाही किंवा फार थोडं येतं, त्यांनी चित्रावर बोट ठेवायचं आणि फोनने ते मोठ्याने बोलायचं, असं ते चालतं. माझी चार वर्षांची नात सई ते वापरते. तिला डाऊन सिंड्रोम आहे. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे दिवसभर घरात सई आणि मी. महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे लहान मुलांना बोलतं करण्याचं काम मला नवं नाही. तरीही सईसाठी मला बरंच नव्याने शिकावं लागलं.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. त्यामुळे ओठ-जिभेसकट सगळ्याच अंगाचे स्नायू सैल असतात, तोंडाची पोकळी लहान असते, जिभेला हालायला जागा कमी पडते. ऐकलेलं डोक्यात फार वेळ टिकत नाही, पाहिलेलं चांगलं टिकतं. आणि समज बोलण्याच्या कितीतरी पुढे असते. लोकांना हेच पटत नाही. ‘बाबांच्या चपला बाल्कनीत ठेवून ये’ म्हटलं की सई बरोबर ठेवून येते. पण तिला स्वतःला काही हवं असलं की शब्द हाताशी नाही, मग पदर ओढणं, रडणं, कधी चावणं. इतकं सगळं समजणाऱ्या मुलीला सांगता येत नाही, तेव्हा ती चिडणारच. जे डोळ्यांना दिसतं ते तिला लवकर कळतं, म्हणून चित्रांचा आधार द्या, असं आमच्या थेरपिस्टबाईंनी सुचवलं आणि सुनेने जेलो फोनवर घेतलं.

अ‍ॅप उघडलं की खाणं, खेळ, माणसं, जागा, रोजची कामं, मदत असे चित्रांचे कप्पे दिसतात. शिवाय सहा बटणं आहेत: आवडतं, आवडत नाही, हो, नाही, जास्त, कमी. कप्प्यातलं चित्र निवडायचं, मग यातलं एखादं बटण दाबायचं, की पूर्ण वाक्य ऐकू येतं. तेच बटण पुन्हा दाबलं की तीच गोष्ट जास्त ठासून सांगितली जाते. ही सहा बटणं मला सगळ्यात मोलाची वाटतात. लहान मुलांना आपण आंबा, केळं, बस, ट्रक अशी नावंच नावं शिकवत बसतो. नुसत्या नावाने भांडताही येत नाही आणि लाडही करून घेता येत नाहीत. ‘नको’ आणि ‘आणखी’ हाताशी आले तेव्हा सईचं चावणं खूपच कमी झालं.

स्वतःचे फोटो टाकून वेगळा बोर्डही करता येतो. सुनेने सईच्या बोर्डवर थालीपीठ, ठाण्याची आत्या, बिल्डिंगखालची राणी कुत्री, बागेतला झोपाळा आणि मिक्सर घातलाय. मिक्सरचा आवाज तिला सहन होत नाही. पूर्वी मी चटणी वाटायला घेतली की ती किंचाळायची. आता मिक्सरचं चित्र दाबून ‘नाही’ दाबते आणि मी तिला आधी बेडरूममध्ये सोडून येते. ज्यांना हे अ‍ॅप वापरायचं असेल त्यांनी आपल्या मुलाच्या आवडीच्या आणि भीतीच्या गोष्टी पहिल्यांदा टाकाव्यात.

आता सगळे जे विचारतात त्याबद्दल. ‘बोट ठेवून काम भागलं तर ती तोंड कशाला उघडेल?’ शेजारच्या वहिनींनी विचारलं, माझ्या सख्ख्या बहिणीने विचारलं. काळजीपोटीच विचारतात. हाच प्रश्न मी थेरपिस्टबाईंना विचारला तेव्हा त्यांनी 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्याबद्दल सांगितलं. त्यात विकासात्मक अक्षमता असलेल्या ज्या 27 जणांची माहिती नीट तपासता आली, त्यांच्यापैकी एकाचंही बोलणं चित्रांमुळे किंवा खुणांमुळे कमी झालं नव्हतं. 89 टक्के लोकांचं वाढलं होतं, बहुतेकांचं थोडंच, पण वाढलं होतं. सईचंही तसंच झालंय. आधी नुसतं पाण्याचं चित्र, मग चित्राबरोबर ‘पा’, आणि आता कितीदा तरी फोनकडे न बघताच ‘पाई’ म्हणते. प, ब, म हे आवाज ओठांवर दिसतात, म्हणून ते तिला लवकर जमतात. क, ग घशाकडचे, ते दिसत नाहीत. मागच्या गणपतीत ती आरतीनंतर ‘मोया’ ओरडली तेव्हा सगळी चाळ, म्हणजे आमची बिल्डिंग, पण आम्ही अजून चाळच म्हणतो, टाळ्या वाजवत होती.

मात्र मुलाच्या हातात फोन देऊन आपण स्वयंपाकघरात गेलो तर यातलं काही होणार नाही. चित्रं आधी मोठ्या माणसाने वापरायची. जेवताना मी स्वतः भाताच्या चित्रावर बोट ठेवते, तोंडाने म्हणते ‘भात, आजीला भात हवा’, आणि वाढून घेते. सईला काही विचारत नाही. ती बघते. मग तिची पाळी आली की गप्प बसून वाट पाहते, मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत. या मुलांना ऐकलेलं समजून घ्यायला आणि उत्तर जुळवायला जास्त वेळ लागतो, आणि आपण घाईने तोच प्रश्न पुन्हा विचारून त्यांचा विचार मोडतो. तिने ‘भा’ म्हटलं की मी ‘गरम भात’ म्हणते, म्हणजे तिच्या शब्दाला आपला एक शब्द जोडायचा. घरी आलेले पाहुणे ‘सांग बघू हे काय? आणि हे?’ करत तिची परीक्षा घेतात, त्यांना मी हात जोडून थांबवते. परीक्षेत कुणी गप्पा मारतं का?

फोनसोबत आम्ही हाताच्या खुणाही ठेवल्यात: आणखी, झालं, ये, दुखतंय. आंघोळीत, लोकलच्या गर्दीत, पावसात फोन काढता येत नाही, हात मात्र कायम सोबत असतात. शिवाय स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून दहा-बारा चित्रांचा एक तक्ता लॅमिनेट करून घेतला आणि फ्रिजवर लावला.

फोन वेगळा ठेवा. आमच्याकडे मुलाचा जुना फोन आहे, सिमकार्ड नसलेला, त्यात फक्त जेलो. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पिन करून ठेवायची सोय असते, ती लावली की मूल दुसरीकडे कुठे जाऊ शकत नाही. बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासापेक्षा जास्त स्क्रीन देऊ नका म्हणते, आणि तेही मोठ्यांच्या देखत. त्या स्क्रीनमध्ये कार्टून येतं. सईच्या फोनवर कार्टून नाहीच, त्यामुळे तो फोन तिला बोलण्यापुरताच लागतो. यंत्राचा आवाज अर्थातच सपाट. म्हणून फोन बोलला की तोच शब्द मी पुन्हा माझ्या आवाजात, तिच्याकडे तोंड करून म्हणते, ओठ दिसतील असे.

कोणतंही अ‍ॅप घेण्याआधी कान तपासा, हे मी कळकळीने सांगते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, पडद्यामागे चिकट पाणी साठतं, ते दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि मूल सगळं अर्धवट ऐकत राहतं. एका डॉक्टरांनी आम्हाला ‘बोलेल हळूहळू, थांबा’ असं सांगून परत पाठवलं होतं. सईच्या दोन्ही कानांत पाणी होतं. मुंबईत नायर रुग्णालयात वाचा आणि श्रवणाचा विभाग आहे, आणि बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था 1983 पासून हेच काम करते. तपासणी एकदा करून सोडून देऊ नका, पाणी पुन्हा साठू शकतं.

पैसे कुठे घालवू नयेत तेही सांगते. एका दुकानात ‘स्पीच किट’ म्हणून शिट्ट्या, पिपाण्या आणि फुंकायच्या नळ्यांचा महाग डबा दाखवला होता. फुंकण्याने फुंकायला येतं. बोलण्यासाठी बोलण्याचाच सराव लागतो. साबणाचे फुगे आम्हीही उडवतो, पण ते ‘आणखी’ म्हणायला लावण्यासाठी. दादरला मिळणारी इंग्रजी अक्षरांची कार्डंही तशीच. त्यातला झायलोफोन सईच्या आयुष्यात कुठून येणार?

शेवटी भाषा. एका बालवाडीत आम्हाला सांगण्यात आलं की घरी फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मूल गोंधळेल. ज्या भाषेत मला अंगाईपासून रागवण्यापर्यंत सगळं येतं ती सोडून मी तिच्याशी तुटक इंग्रजीत बोलायचं? डाऊन सिंड्रोम असलेली मुलंही दोन भाषा शिकू शकतात आणि त्याने त्यांचं नुकसान होत नाही, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. सई घरात मराठी ऐकते, खाली हिंदी ऐकते. जेलोची भाषा आम्ही मराठीच ठेवलीय.

चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ नावाचं दुसरं अ‍ॅपही आहे. त्याला पैसे पडतात, आणि स्वतः वाक्यं जुळवू लागलेल्या मुलांना ते उपयोगी पडतं असं ऐकते. सई अजून दोन चित्रं जोडायला शिकतेय, तिला सध्या जेलो पुरतं. तिला ते अपुरं पडू लागलं की ‘आवाज’ घेऊन बघू, आणि त्याबद्दलही लिहीन.