अकूस्टिक गिटारला कुठला पिकअप: पट्टी, चकत्या, मॅग्नेटिक की माइक?

दुकानातल्या बंद खोलीत, छोट्या ॲम्पवर, एकट्याने वाजवताना जवळपास सगळेच पिकअप (गिटारीचा आवाज टिपून ॲम्पकडे पाठवणारे) बरे वाटतात. दिवाळी पहाटेच्या स्टेजवर एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला कीबोर्ड आणि पायाशी मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) आला की तीच गिटार एक तर गर्दीत बुडते, नाही तर घुमायला लागते. म्हणून कुणी पिकअपबद्दल विचारलं की मी आधी विचारतो, शेजारी कोण वाजवणार आहे? आवाज किती ‘लाकडी’ आहे ते नंतर बघू.

कंपन्यांची नावं शंभर असली तरी गिटारीच्या आत मुळात चारच प्रकार असतात.

सगळ्यात जास्त दिसते ती सॅडलखालची पिएझो पट्टी. तारा अडकवतात त्या ब्रिजच्या खाचेत, तारा टेकतात त्या पांढऱ्या सॅडलच्या बुडाशी ती झोपलेली असते. तारेच्या कंपनाने सॅडलचा दाब कमी-जास्त होतो आणि त्या दाबातून वीज तयार होते. हा गुणधर्म क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवला. गिटारीच्या सॅडलमध्ये त्याचं बस्तान बसवण्यात मोठा वाटा ओव्हेशनचा, 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून. त्या कंपनीचा संस्थापक चार्ल्स कामन मूळचा हेलिकॉप्टर बनवणारा, म्हणजे कंपनांशी झटापट हा त्याचा रोजचाच धंदा.

या पट्टीचं बळ म्हणजे आवाज स्पष्ट येतो आणि शिट्टी (स्पीकरचा आवाज परत पिकअपमध्ये शिरून होणारा फीडबॅक) उशिरा वाजते. दोष जोरात स्ट्रमिंग केलं की कळतो. वरच्या सुरांच्या तारा प्लॅस्टिकच्या डब्यावर रबर ताणून सोडल्यासारख्या चटचटतात. गिटारवाले याला ‘क्वॅक’ म्हणतात, बदकाचा आवाज. बोटांनी हळू वाजवणाऱ्याला तो फारसा जाणवत नाही. पिकने झोडपणाऱ्याला पहिल्याच अंतऱ्यात जाणवतो.

दुसरी तक्रार असते एखादी तार दबकी येण्याची. माझ्या गिटारीत तिसरी तार अशीच मुकी होती, आणि मी दोन महिने पिकअपला शिव्या घालत होतो. शेवटी एका जुन्या कारागिराने सॅडल उपसून उजेडात धरलं. बूड मधोमध किंचित खोलगट होतं, केसाएवढं. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरून त्याने ते चार-पाच वेळा सरळ ओढलं, परत बसवलं, तार बोलायला लागली. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना बघितली असेल त्याला वेगळं सांगायला नको; इथेही सगळा खेळ दोन पृष्ठभाग एकमेकांना कसे टेकतात याचा आहे. तेव्हा पट्टीचा पिकअप तपासताना जड-हलकं न करता सहाही तारा एकेक करून छेडा. एक जरी दबली तर पिकअप बदलण्याआधी सॅडल बघा.

पट्टी तीच असली तरी प्रीॲम्प (पिकअपचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) कुठे आहे यावर बराच फरक पडतो. यामाहा एफजीएक्स 800 सीसारख्या गिटारीत तो कडेच्या लाकडात चौकोन कापून बसवलेला असतो: स्लायडर, ट्यूनर, सगळं डोळ्यासमोर. फिशमन सोनिटोन किंवा एलआर बॅग्ज एलिमेंटमध्ये साउंडहोलच्या काठाला आतून एक-दोन चाकं असतात, बाहेरून काही दिसत नाही. अंधाऱ्या स्टेजवर मला पहिला प्रकार आवडतो. पण चांगल्या सॉलिड लाकडाच्या गिटारीची कड कापायला मी कधीच सांगणार नाही. तो प्रीॲम्प दहा वर्षांनी गेला तर त्याच मापाचा दुसरा शोधत फिरायचं, आणि भोक मात्र कायमचं.

टेलरचा एक्स्प्रेशन सिस्टिम 2 याच कुळातला, पण जरा वेगळा. 2014 मध्ये आलेल्या या रचनेत तीन पिएझो सेन्सर सॅडलच्या खाली नसून मागच्या बाजूला टेकतात. स्ट्रमिंगला बदक बरंच शांत होतं. तो पिकअप त्याच कंपनीच्या गिटारीबरोबरच मिळतो, म्हणजे निर्णय पिकअपचा राहत नाही, गिटारीचा होतो.

चकत्यांचा प्रकार मला मनापासून आवडतो आणि मी तो कार्यक्रमाला क्वचितच वापरतो. के अँड के प्युअर मिनी हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण: तीन छोट्या चकत्या, ब्रिजच्या खाली गिटारीच्या आतून चिकटवायच्या. बॅटरी नाही. त्या सॅडलचा दाब न पकडता लाकडाचं थरथरणं पकडतात, म्हणून आवाज उबदार, भरीव, बोटांच्या वाजवण्याला फार गोड. पण लाकूड जे ऐकतं ते सगळं त्या ऐकतात. मॉनिटरमधून परत येणारा आवाज फळीला हलवतो, चकत्या तोही उचलतात आणि ‘हूंऽऽ’ सुरू होतं. ड्रेडनॉट या मोठ्या आकाराच्या गिटारीच्या पोटातली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटजवळ. ‘जी’ कॉर्ड धरली की शिट्टी येते अशी तक्रार असेल तर मिक्सरवर तिथलाच आवाज थोडा कापा, साउंडहोलवर रबरी झाकण लावा, प्रीॲम्पवर फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण असेल तर ते दाबून बघा. चकत्यांना हे तिन्ही उपाय लागतात, पट्टीला बहुधा एखादा पुरतो.

चकत्यांचं आणखी एक दुखणं आहे. बिनबॅटरीचा पिएझो सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावला तर आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो, कारण त्याला 1 मेगाओमच्या वरच्या इम्पीडन्सचं (विद्युत अवरोधाचं) इनपुट लागतं आणि मिक्सरचं असतं त्याच्या कितीतरी खाली. मध्ये योग्य डीआय बॉक्स (पिकअपचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करून देणारा डबा) किंवा प्रीॲम्प हवाच. दोष साउंडवाल्याचा नसतो, पण बोलणी त्यालाच बसतात. पिकअपचं बजेट ठरवताना या डब्याचे पैसे धरा.

मॅग्नेटिक पिकअप साउंडहोलमध्ये आडवा बसतो, स्क्रू आवळला की झालं. केबल बाहेर लोंबकळलेली चालत असेल तर गिटारीला एकही भोक पाडावं लागत नाही. तो तारेच्या आतलं पोलाद ओळखतो. वरच्या ब्राँझच्या वेटोळ्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यामुळे बिनवेटोळ्याच्या पहिल्या दोन तारा जास्त ठळक येऊ शकतात आणि एकूण आवाज इलेक्ट्रिक गिटारकडे झुकतो. नायलॉनच्या तारा असतील तर हा विषयच संपला, त्यांच्यात लोखंड नाही. मात्र ड्रम, बेस, दणदणीत मॉनिटर अशा जागी चारांतला सर्वांत निर्धास्त गडी हाच. मंडपात लाइटिंगचे डिमर असतील तर एका कॉइलचा पिकअप गुणगुणतो, म्हणून दोन कॉइलचा हमबकर घ्या. एलआर बॅग्ज एम 80 मध्ये तारांबरोबर बॉडीवरची थाप पकडण्याचीही सोय आहे. गिटारीवर ठेका धरणाऱ्यांना ती उपयोगी.

नुसता आतला माइक मी फक्त बैठकीला किंवा रेकॉर्डिंगला सुचवीन. स्टेजवर चालतो तो जोडीचा प्रकार, पट्टी अधिक माइक. एलआर बॅग्ज अँथममध्ये खालचे सूर पट्टी सांभाळते आणि साधारण 250 हर्ट्झच्या वरचं काम माइक करतो. जिथे गिटार सहसा घुमते तिथे माइकला बोलूच दिलेलं नाही, ही त्यातली हुशारी. आवाज चारांत सर्वांत खरा, किंमतही चढी. गायक आणि गिटार, फार तर एक तबला, एवढाच संच असेल आणि पैसे असतील तर मी डोळे झाकून हाच घेईन. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याने हे पैसे घालू नयेत. तिथे माइकचं बटण शून्यावरच राहतं.

म्हणजे घरच्या मैफली आणि फिंगरस्टाइलला चकत्या, भावगीतांच्या कार्यक्रमाला नीट बसवलेली पट्टी, बँडला मॅग्नेटिक. पहिलीच गिटार घेत असाल तर तयार बसवून आलेली पट्टी घ्या आणि सॅडल तेवढं कारागिराकडून तपासून घ्या. माझ्या हातातल्या गिटारीत आज पट्टीच आहे.

बॅटरीचं राहिलं. बहुतेक ॲक्टिव्ह, म्हणजे आत प्रीॲम्प असलेल्या, सिस्टिमना 9 व्होल्टची लागते, आणि जॅकमध्ये केबल खोचली की ती खर्च व्हायला लागते, वाजवा अगर न वाजवा. एका कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मी केबल तशीच ठेवून झोपलो. तिसऱ्या गाण्याला आवाज फाटायला लागला. बॅटरीची पिशवी गिटारीच्या आत, मानेच्या मुळाशी चिकटवलेली. मध्यंतरात तारा ढिल्या केल्या, तरी माझा पंजा साउंडहोलमधून मनगटाच्या पुढे जाईना. तबलजींची नऊ वर्षांची मुलगी विंगेत बसली होती. तिने हात घातला आणि अर्ध्या मिनिटात जुनी काढून नवी लावून दिली.