झोपेची गोळी: सात महिने घेतली, पाच महिने सोडवली

औषध झोल्पिडेम, 10 मिलिग्रॅम. मी 51 वर्षांची, सांगलीत एका पतसंस्थेत कॅशला बसते. गेल्या वर्षी ह्यांची बायपास झाली. घरी आल्यावर पंधरा दिवसांत ते पूर्वीसारखे घोरायला लागले, पण माझी झोप काही परत आली नाही. दोन वाजले की टक्क जागी. मग त्यांचा श्वास चालू आहे ना ते ऐकत उजाडेपर्यंत पडून राहायचं. महिनाभर असं काढल्यावर आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली.

आधी चांगलं सांगते, कारण ते खोटं नाही. गोळी लागू पडते. पहिल्या रात्री साडेदहाला घेतली, मच्छरदाणी खोचेपर्यंत डोळे जड झाले, ते थेट दूधवाल्याच्या हाकेला उघडले. मध्ये काहीच नाही. सकाळी चहा टाकताना मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं. ‘गोळ्या कशाला, गरम दूध पी’ असं सांगणाऱ्या माणसांची एक महिना झोप उडायला हवी, म्हणजे कळेल.

चिठ्ठीवर लिहिलं होतं 0-0-1, म्हणजे फक्त रात्री एक, दहा दिवस. हे मी आज ठामपणे सांगते, कारण ती चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे. दहा दिवसांचे सात महिने झाले ते मेडिकलच्या काउंटरवर. मोबाइलमधला चिठ्ठीचा फोटो दाखवायचा, पोरगा म्हणायचा, ‘काकू, एक देऊ का दोन?’ मी दोन घ्यायचे. ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवायची अशा औषधांच्या सरकारी यादीत. 1 मार्च 2014 पासून नियम आहे, की दुकानदाराने डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. पाकिटावर लाल चौकटीत इशाराही असतो. चाळशी लावून तो मी वाचला सातव्या महिन्यात. दुकानदाराला दोष देताना हेही सांगायला हवं, की त्याने नाही म्हटलं असतं तर मी पुढच्या चौकातल्या दुकानात गेले असते.

तिसऱ्या महिन्यात गोळी घेऊनही साडेबारा वाजायला लागले. मी अर्धी वाढवली, कुणाला न विचारता. एकदा गोळीशिवाय झोपून बघितलं तर रात्रभर घड्याळाची टिकटिक ऐकली, पहिल्या दिवसांपेक्षा वाईट. मी त्याचा अर्थ काढला की मला गोळीची गरजच आहे. खरा अर्थ नंतर कळला. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, त्याचं काम सगळं शांत करायचं. गोळी त्याला जोर देते. रोज बाहेरून जोर मिळाला की मेंदू हळूहळू त्या हिशेबाने स्वतःला जुळवून घेतो, आणि एका रात्री गोळी नसली की तो उसळतो. ती उसळी म्हणजे आपला जुना आजार असं आपल्याला वाटतं. माणूस अडकतो ते इथे.

सकाळचं तर मला बरेच दिवस कळलंच नाही. दहाला कॅश काउंटर उघडायचा, डोकं ओल्या कापसासारखं. एका सकाळी 4,500 च्या व्हाउचरवर मी 45,000 मोजून दिले. गिऱ्हाईक ओळखीचं होतं, त्याने स्वतःहून नोटा परत सरकवल्या. ‘वहिनी, आज बोहनी जोरात दिसतेय.’ सगळे हसले, मीही हसले. मग संडासात जाऊन पाच मिनिटं उभी राहिले. आणि त्याच डोक्याने मी विश्रामबागहून रोज स्कूटर चालवत येत होते. बायकांच्या अंगातून ही गोळी पुरुषांपेक्षा सावकाश उतरते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, जानेवारी 2013 मध्ये बायकांसाठी सुरुवातीचा डोस 10 वरून 5 वर आणला तो याचसाठी. 10 मिलिग्रॅम घेऊन आठ तास उलटल्यावरही शंभरातल्या साधारण पंधरा बायकांच्या रक्तात गाडी चालवणं धोक्याचं ठरेल इतकं औषध सापडलं होतं, पुरुषांत तीन. मी तर 15 घेत होते.

आता कणकेची गोष्ट. श्रावणात मला सर्दी झाली होती. रात्री सर्दीची गोळी घेतली आणि वर नेहमीची दीड. सकाळी ओट्यावर परातीत कणीक मळलेली. तेलाचा हात फिरवलेला, वर माझ्या चार बोटांचे ठसे, फडकं मात्र झाकलेलं नाही, त्यामुळे वरून पापुद्रा धरलेला. शेगडीवर तवा. गॅसचं बटण बंद होतं, पण तवा हाताला कोमट लागला. मी ह्यांना विचारलं, ‘तुम्ही उठला होता?’ ते म्हणाले, ‘अगं, तूच उठलीस की तीनला. मी हाक मारली तर म्हणालीस, डबा करायचाय.’ मला यातलं एक अक्षर आठवत नाही. आजही नाही.

झोपेत चालणं, स्वयंपाक करणं, गाडी काढून निघणं, हे या गोळ्यांचे माहीत असलेले प्रकार आहेत, आणि त्यातून माणसं दगावलीही आहेत. एफडीएने 2019 मध्ये झोल्पिडेमसह अशा तीन औषधांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. एकदा असं झालं तर ती गोळी पुन्हा घ्यायची नाही, असंच त्यात म्हटलंय. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनीही गुंगी येते; दारूचं तर बोलायलाच नको.

त्या सकाळी मी सगळी पाकिटं कचऱ्यात टाकायला निघाले होते. अडवलं सासूबाईंनी. त्या 78 वर्षांच्या, अकरा वर्षं अल्प्राझोलमची, म्हणजे घबराट-झोपेसाठीच्या दुसऱ्या एका औषधाची, अर्धी गोळी घेतात. ‘अर्धीच तर आहे’ हे वाक्य आमच्या घरात देवघरासारखं कायमचं. चार वर्षांपूर्वी त्या पंढरपूरला गेल्या आणि डबी घरी राहिली. दुसऱ्या दिवशी हात इतके कापायला लागले की चहाचा कप धरवेना, घामाघूम, छातीत धडधड. सोबतच्या बायकांनी साखर खायला घातली. म्हणून त्या मला म्हणाल्या, ‘सूनबाई, एकदम टाकू नकोस. मी भोगलंय.’ अकरा वर्षांत त्या गोळीबद्दल त्या पहिल्यांदा एवढं बोलल्या.

आणि त्या बरोबर होत्या. खूप दिवस घेतलेली अशी गोळी एका झटक्यात बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, पण मानसोपचारवाल्यांची वेळ आठ दिवसांनी मिळाली. मधल्या काळात 14416 ला, म्हणजे टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन केला. तिथल्या मुलीने मराठीत शांतपणे ऐकून घेतलं आणि तेच सांगितलं: मनाने बंद करू नका, डॉक्टरांना लवकर गाठा. मी त्याच दिवशी फॅमिली डॉक्टरांकडे गेले. ते कणकेचं ऐकून गप्प झाले, दीडची एक केली, आणि रात्री किल्ल्या व गॅसचा कॉक ह्यांच्या ताब्यात द्यायला लावला.

मिरजेच्या बाई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘कणीक मळलीत म्हणजे या गोळीला तुमच्या घरात जागा नाही. पण बाहेर काढताना दाराने काढू, खिडकीतून नको.’ पाच-पाचच्या गोळ्या दिल्या आणि पायऱ्या लावून दिल्या: दहा, साडेसात, पाच, अडीच. दर पंधरा दिवसांनी तपासणी. हे माझं वेळापत्रक आहे, दुसऱ्या कुणी उचलू नये. स्कूटर बंद, रिक्षा.

साडेसातवर फारसं जाणवलं नाही. पाचवर आठवडाभर चिडचिड, पायाला मुंग्या, आणि भयंकर खरी वाटणारी स्वप्नं. अडीचवर आल्यावर एकदा हार मानून मी आख्खी पाच घेतली. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर बाई म्हणाल्या, ‘बरं. वहीत लिहिलंत ना?’ बस. ओरडल्या असत्या तर पुढच्या वेळी मी लपवलं असतं.

वही म्हणजे झोपेची. गोळ्या कमी करतानाच दुसरी शिकवणी चालू होती, झोपेच्या सवयी बदलायची. या उपचारात औषध नसतं, आणि जुन्या निद्रानाशाला आधी हेच करून बघावं असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनेही 2016 मध्ये सांगितलंय. ऐकायला सोपं, करायला छळ. मी साडेनऊपासून गादीवर लोळत होते. बाईंनी सांगितलं, बारा वाजेपर्यंत गादीला पाठ लावायची नाही, आणि झोप लागो न लागो, साडेपाचला उठायचं. दुपारची डुलकी बंद. वीस मिनिटांत डोळा लागला नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत कंटाळवाणं काम करायचं. घड्याळाचं तोंड भिंतीकडे. पहिले दोन आठवडे मी बाईंना मनातल्या मनात शिव्या घातल्या. चौथ्या आठवड्यात एकदा मेथी निवडता निवडता पेंग आली, आणि मी जुडी तशीच टाकून गादीवर गेले.

गोळी बंद होऊन आता तीन महिने झाले. झोप पूर्वीसारखी दगडासारखी नाही, साडेपाच-सहा तास, एकदा तरी मोडते. पण सकाळी नोटा मोजताना बोटं आणि डोकं एका जागी असतात. पाचपैकी गुण द्यायचे तर पहिल्या दहा दिवसांना चार. बाकीच्या दोनशे दिवसांना काही नाही.

सासूबाईंनाही मिरजेला नेऊन आणलं. रात्री बाथरूमला उठताना त्यांचा दोनदा तोल गेला होता, ते आम्ही वयावर घालत होतो. त्यांची अर्धी आता पाव करायची ठरलीय, पण घाई नाही, चार-सहा महिने लागले तरी चालतील म्हणाल्या बाई. गोळीचे तुकडे मी करते. करताना त्या शेजारी बसतात, चुरा खाली पडला तर बोटाने टिपून घेतात.

काल अडीचला जाग आली. मेथी नव्हती घरात, गवार निवडली.